झेंडूखालचं मेणकापड

कलकत्त्यात माझे वाढीचे दिवस कसे गेले, हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे. इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत लिहिलं, नातवंडांना रंगवून सांगितलं, निवृत्तीच्या समारंभात त्यावर लोकांना हसवलंही. त्यातला एक दसरा मात्र मी दर वेळी गाळला. कोणी विचारलं, "तुमची ती काळी गाडी अप्पांनी इतक्या लवकर का विकली हो?" की मी म्हणे, सुटे भाग मिळेनात. हे खोटं होतं. मल्लिक बाजारात तेव्हा अख्खी गाडी तुकड्या-तुकड्यांनी विकत मिळायची. आता ज्यांना ऐकून वाईट वाटलं असतं ती माणसं उरली नाहीत, म्हणून लिहायला बसलो आहे. पण मी शांत मनाने लिहितो आहे असं कोणी समजू नये. मला माझा राग येतो, अप्पांचा येतो, आणि खरं सांगायचं तर सुमनताईचाही अजून येतो.

आम्ही बालीगंजला एका तीन मजली घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. अप्पा केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी. त्यांच्या बदल्या होत गेल्या, पण कलकत्त्याला आल्यावर ते का कोण जाणे तिथेच राहिले. घरात आम्ही चौघं: अप्पा, आई, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी सुमनताई आणि मी. बाहेर बंगाली, हिंदी, ऑफिसात इंग्रजी. घरात मराठी, आणि ती बहुतेक भांडणापुरती. अप्पा घरी आले की स्वयंपाकघरातल्या स्टोव्हचा आवाजसुद्धा दबून येतो आहे असं वाटायचं. ते ओरडत नसत. समोरच्याला बोलू द्यायचे, मग चष्मा काढून पुसायचे आणि एक वाक्य बोलायचे. त्या वाक्यानंतर कोणी जेवत नसे. वरच्या मजल्यावरून मोहरीच्या तेलात मासे तळल्याचा वास खाली यायचा, पलीकडून लोकल गाडीची शिट्टी ऐकू यायची, आणि आई तोंडातल्या तोंडात म्हणायची, "ह्या घरात एक दिवस सगळे मिळून हसलो तर मी सत्यनारायण घालीन." तिला तो घालावा लागला नाही.

घराच्या बाजूला पत्र्याचं दार असलेलं गॅरेज होतं आणि त्यात अप्पांची काळी गाडी. जुनी घेतलेली, पण अप्पांना ती अपत्यांहून प्रिय. गाडीचा रंग, सीट, काचा ह्यांत त्यांना फारसा रस नव्हता. त्यांचं लक्ष बॉनेटखाली. इथले ड्रायव्हर विश्वकर्म्याच्या पूजेला गाड्या सजवतात. आमच्याकडे पूजा दसऱ्याला. आणि तीही टपावर किंवा चाकांवर नाही. अप्पा बॉनेट उघडून थेट इंजिनाची पूजा करत. "पूजा यंत्राची करायची, पत्र्याची नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इंजिनाला हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि शेवटी नारळ फोडून त्यातलं पाणी इंजिनावर. मंडळातले लोक ती पूजा बघायला येत. काही जण मनातून हसत असतील. अप्पांना वाटे, सगळे थक्क होतात.

म्हणून इंजिन लखलखीत हवं, आणि ते काम सुरुवातीला माझ्याकडे होतं. मुलगा म्हणून. एका रविवारी आम्ही बजबजला अप्पांच्या एका सहकाऱ्याकडे जेवून परत आलो. गाडी नुकतीच आत लावलेली, इंजिन तापलेलं. मला संध्याकाळी मित्रांकडे जायचं होतं. मी नळाखाली बादली भरली आणि सरळ आत ओतली. फस्स करून वाफेचा लोट आला, गॅरेज पांढरं झालं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होईना. अप्पांनी मला गल्लीत, वरच्या मजल्यावरची सगळी बिऱ्हाडं गॅलरीत उभी असताना, एक थोबाडीत दिली. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "सुमन, आजपासून गाडी तू बघ. ह्याला नुसतं आरशात बघू दे." त्या दिवसापासून ताई मला बादलीबहाद्दर म्हणायला लागली. माझ्या मित्रांसमोर, दूधवाल्यासमोर, मंडळाच्या गणपतीतसुद्धा. "बादलीबहाद्दर, जरा पाणी आण बघू. नको, नको, राहू दे, पूर येईल." आज मला त्यात विनोद दिसतो. तेव्हा तिचा गळा दाबावासा वाटायचा.

ती गरीब गाय नव्हती, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. ती गेल्यावर लोक तिला सोशिक वगैरे म्हणाले. सोशिक कसली? जिभेला धार होती तिच्या, आणि ती जीभ ती माझ्यावरच परजत असे. पण गाडी तिने ज्या पद्धतीने साफ केली तसं काम मी पुढे कारखान्यांतही फार थोड्यांचं पाहिलं. त्या बंद पडलेल्या गाडीपासून तिने सुरुवात केली. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे इंजिनाला ठिणग्या वाटून देणारी ती लहानशी काळी डबी, तिच्या टोपीला माझ्या थंड पाण्याने केसाएवढी चीर पडली होती. तिने ती शोधून काढली. अप्पांना दाखवली. "नवी टोपी आणू या," म्हणाली. अप्पा म्हणाले, "चालते आहे ना?" कोरडी असली की चालायची. ओल आली की ठिणगी त्या चिरेतून पळायची आणि गाडी रुसायची. म्हणून पावसाळ्यात ती त्या टोपीला जुन्या रेनकोटचं मेणकापड गुंडाळून ठेवायची.

तिचा क्रम ठरलेला होता. सकाळी, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून. आधी हाताचा तळवा इंजिनावर. "चटका लागला तर आज काम नाही," ती म्हणायची आणि माझ्याकडे बघायची. किल्ली कमरेला खोचलेली, म्हणजे कोणी चुकून गाडी सुरू करू नये. मग बॅटरीची वायर सुटी करायची. मग कोरड्या ब्रशने पानं, धूळ, मेलेले किडे. मग झाकाझाकी: डिस्ट्रिब्युटरला मेणकापड, हवा आत घेणाऱ्या तोंडाला फडकं आणि दोरी, वीज तयार करणाऱ्या डायनामोलाही फडकं. एवढं झाल्याशिवाय ती ओलं काही आतच आणू देत नसे. ब्रशने रॉकेल लावायचं, तेही जिथे तेलकट काळं बसलं आहे तिथेच, रबरी नळ्या सोडून. ते फुलू द्यायचं, पुसायचं, मग साबणाच्या पाण्यात पिळून काढलेलं फडकं. बादली नाही, पाइप नाही, एक वाटीभर पाणी. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमलेली असायची, ती सोड्याच्या पाण्याने हलक्या हाताने. शेवटी अप्पांच्या जुन्या धोतराच्या फडक्याने कोरडं करून बॉनेट उघडं ठेवून तासभर ऊन. तोवर ती पायरीवर बसून लिंबू लावून हात घासत असायची आणि कोणी इंजिनाजवळ गेलं तर भुंकायची.

माझी नात मिठू आता हेच करते. बालीगंजच्याच ह्या नव्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या गाडीचं. रॉकेल गेलं, ती बाटलीतून फेस फवारते, फ्यूजच्या डब्यावर आणि सेन्सरवर पिशव्या बांधते, आणि पाण्याचा जोराचा फवारा इंजिनावर मारायला तिला कोणी हजार रुपये दिले तरी मारणार नाही. बाकी क्रम तोच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वर निघून आलो.

आईचं आणि ताईचं भांडण रॉकेलवरून. "रेशनच्या रांगेत उन्हात मी उभी राहायचं आणि अंघोळ गाडीने करायची," आई म्हणायची. "आई, हे स्टोव्हचं नाही, मी माझं वेगळं ठेवलंय." "तुझं? तू काय वेगळं रेशनकार्ड काढलंस?" मग ताई दारातूनच, "काढीन. आधी इंजिनीअर होऊ दे." ही त्या घरातली खरी गोष्ट होती. ताईला इंजिनिअरिंगला जायचं होतं. गंगेपलीकडच्या कॉलेजात, जिथे मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असत. अप्पा ह्या विषयावर चष्माही पुसत नसत; ऐकलंच नाही असं दाखवत.

आणि नागपूरहून स्थळ आलं होतं. मध्यस्थ मेजर चिटणीस. ते फोर्ट विल्यमला नेमणुकीवर होते आणि दर रविवारी आमच्याकडे भाकरी खायला येत, कारण मेसमध्ये भाकरी मिळत नसे. मुलगा त्यांचाच पुतण्या. सरकारी नोकरी, स्वतःचं घर, काही व्यसन नाही. एका रविवारी मेजर भाकरीवर लोणी घेत होते तेव्हा ताई आतून म्हणाली, "मला परीक्षेला बसायचंय, अप्पा. लग्न मागाहून होतंच." मेजर मोठ्याने हसले. "अरे वा! इंजिन उघडणारी सून! आमच्याकडे ड्रायव्हर लागणारच नाही." अप्पांना ते झोंबलं. मेजरसमोर पोरगी उलट बोलली हे झोंबलं, की मेजर हसले हे, मला माहीत नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "दसऱ्याला तू इंजिन साफ करशील. मी पूजा करीन. पूजेनंतर तुझ्या हाताने गाडी सुरू झाली आणि तू आम्हां सगळ्यांना मंडळाच्या हॉलवर सोनं वाटायला घेऊन गेलीस, तर पुढल्या वर्षी परीक्षेला बस. नाही तर चिटणिसांना माझा होकार." ताईकडे लायसन नुकतंच आलं होतं, तळ्याकाठच्या रस्त्यावर तिला अप्पांनीच शिकवलं होतं. ती म्हणाली, "ठरलं." मेजर म्हणाले, "मी साक्षीदार." मी भाकरीचा तुकडा तोंडात धरून बसलो होतो. मला कोणी काही विचारलं नाही. मला तसं कोणी काही विचारतच नसे.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस घर गोड वासाने भरलं होतं. आई श्रीखंडासाठी दही टांगायची, इथलं गोड दही चालत नाही, म्हणून ती गडियाहाटच्या एका दुकानातून आंबट दही आणायची आणि दर वर्षी म्हणायची, "इथल्या लोकांना दह्यातसुद्धा आंबट सोसत नाही." गल्लीत दुर्गापूजेचे मोठाले ढोल, ढाक, वाजत होते, मांडवातला धूर खिडकीतून आत येत होता. नवमीला सकाळी ताईने इंजिन घासलं. मेजर आपट्याची पानं घेऊन आले होते, नागपूरहून खास मागवलेली. ते सिगरेट ओढत गॅरेजच्या दारात उभे राहिले.

"काका, सिगरेट बाहेर."

"अगं, मी दारूगोळ्याशेजारी ओढलीय."

"मग तिकडेच ओढा. इथे रॉकेल आहे."

आत अप्पा खाकरले. मेजरांनी सिगरेट बुटाखाली विझवली आणि मला डोळा मारला, जणू आम्ही दोघं एका पक्षात. आणि मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

दसऱ्याच्या सकाळी ताईने गाडी एकदा सुरू करून बघितली. पहिल्याच झटक्याला लागली. मग बंद करून तिने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला मेणकापड गुंडाळलं, सुतळीने बांधलं आणि त्यावर झेंडूचा हार असा चढवला की खालचं काही दिसू नये. आदल्या वर्षी तिने अप्पांना सांगून पाहिलं होतं की, नारळाचं पाणी तिथे पडलं तर बरं नाही. अप्पांनी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं. "देवाचं पाणी आहे ते." म्हणून ही युक्ती. मला तिने सांगितलं, कारण पूजेला ताम्हण धरायला मी उभा राहणार होतो. विश्वासाने नाही, धाक घालायला सांगितलं. "झेंडूला हात लावायचा नाही. खाली झाकलंय. पूजा झाली की निर्माल्य काढायच्या निमित्ताने मी काढीन. कळलं का, बादलीबहाद्दर?" आणि ती अंघोळीला गेली.

तोवर बाहेर माणसं जमली होती. मेजर, दसऱ्यासाठी नागपूरहून आलेल्या त्यांच्या पत्नी, मंडळातली दोन कुटुंबं. चिटणीसकाकूंनी कौतुकाने विचारलं, "विजू, तू पण मदत करतोस ना रे ताईला?" आणि ताई, केस पुसत न्हाणीघरातून बाहेर येत होती, ती म्हणाली, "काकू, त्याला गाडीजवळ उभं करू नका. तो नुसता बघतो तरी इंजिनाला पाणी सुटतं." सगळे हसले. अप्पासुद्धा हसले. मी माझ्या उभ्या आयुष्यात अप्पांना तसं हसताना त्या एकदाच पाहिलं. दात दिसले त्यांचे. माझ्यावर हसले.

मी गॅरेजमध्ये गेलो. लोकांना वाटलं, ताम्हण आणायला. मी हार उचलला, सुतळी सोडली, मेणकापड काढलं, हार होता तसा परत बसवला. रागाच्या भरात झालं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. रागाच्या भरात माणसाला सुतळीची गाठ सुटत नाही. माझी सुटली. मी मेणकापड घडी करून खिशात घातलं आणि ताम्हण घेऊन उभा राहिलो.

अप्पा रेशमी धोतर नेसून आले. हळद, कुंकू, अक्षता, उदबत्ती. त्यांचे मंत्र स्वच्छ असत, एक अक्षर खाली पडत नसे. मग त्यांनी दगडावर नारळ फोडला आणि दोन्ही हातांनी करवंटी धरून, डोळे मिटून, पाणी इंजिनावर ओतलं. झेंडूवरून ओघळून ते खाली गेलं. ताम्हण माझ्या हातात होतं. मी थोडं पुढे केलं असतं तर अर्धं पाणी त्यात पडलं असतं.

ताई निर्माल्य काढायला वाकली. तिचा हात हाराखाली गेला आणि तिथेच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. मग अप्पांना म्हणाली, "जरा थांबा. मला हे पुसून घेऊ दे."

"काय पुसायचंय? बस, सुरू कर. उशीर होतोय."

"टोपीत पाणी गेलंय, अप्पा. चीर आहे तिला. दहा मिनिटं द्या."

"कसलं पाणी?"

सगळे बघत होते. शेवटी ती म्हणाली, "नारळाचं."

अप्पांनी चष्मा काढला. "म्हणजे माझ्या पूजेमुळे तुझी गाडी बंद पडणार?"

"मी झाकून ठेवलं होतं. कोणीतरी काढलंय."

"झाकून?" अप्पांचा आवाज खाली आला. "देवाच्या पाण्यापासून झाकून? माझी पूजा चालू असताना इंजिनावर फडकं होतं?"

तिच्या लक्षात आलं असावं की आता ती काहीही बोलली तरी आणखी खोलात जाणार. अप्पा माझ्याकडे वळले. "विजू, तू बघितलंस काही झाकलेलं?"

"नाही, अप्पा."

ती गाडीत बसली. किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, घरघरला, दमला. पुन्हा. पुन्हा. मंडळातली एक मुलगी खुदकन हसली आणि तिच्या आईने तिला चिमटा काढला. मेजर म्हणाले, "बॅटरी जाईल, बेटा. सोड." अप्पांनी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली. "तू घरी बस. विजू, मिस्त्री मिळतो का बघ." विजयादशमीच्या दिवशी कलकत्त्यात मिस्त्री! सगळे दोन टॅक्सी करून हॉलवर गेले. आईने जाताना ताईच्या डोक्यावरून हात फिरवायला हात उचलला आणि अप्पांकडे बघून खाली घेतला.

मी मिस्त्री शोधायला गेलोच नाही. खिडकीत बसलो. खिडकी गॅरेजच्या बाजूला. ताईने साडी खोचली, टोपी काढली, आतून-बाहेरून साध्या पाण्याच्या फडक्याने तिचा चिकटपणा पुसला, मग कोरड्याने, मग उन्हात पायरीवर ठेवली. एक एक वायर पुसली. घाई अजिबात नाही. टोपी बसवली, आणि अप्पांनी किल्ली टेबलावर टाकली होती ती आणून गाडी सुरू केली. पहिल्या झटक्याला लागली. गल्लीतून विसर्जनाचा ढाक चालला होता, बायका जीभ घोळवत उलूध्वनी करत होत्या, आणि त्या सगळ्या आवाजात इंजिन अगदी सुरात चाललं होतं. तिने थोडा वेळ ते तसंच चालू ठेवलं. मग बंद केलं आणि खिडकीशी आली.

"खिशातलं दे."

"काय?"

"खिशाला रॉकेलचा वास येतोय, बावळटा. आईच्या हाती कपडे लागतील."

मी दिलं. तिने त्या मेणकापडाला हात पुसले आणि गटारात फेकलं.

"सांगणार आहेस?" मी विचारलं.

"नाही. सांगितलं तर अप्पा तुला फोडून काढतील आणि दोन दिवसांनी सगळं संपेल. तुझं संपायला नकोय मला."

संध्याकाळी अप्पा आले तेव्हा ती म्हणाली, "गाडी चालू आहे." अप्पा जोडे काढत होते. "आता चालू होऊन काय? हॉलवर सोनं देता-घेता चिटणिसांना मी होकार दिला." अजूनही मी बोललो असतो तर काही झालं असतं का, हे मला ठाऊक नाही. अप्पा होकार परत घेणारे नव्हते. पण तिला परीक्षेला बसू द्या असं मेजरच म्हणाले असते कदाचित. माणूस वाईट नव्हता. आईने श्रीखंड वाढलं. मी दोनदा घेतलं.

माघात तिचं लग्न झालं. पुढल्या वर्षी अप्पांनी गाडी विकली. इंजिनाला हात लावणारं घरात कोणी उरलं नव्हतं. आणि इंजिनिअरिंगला मी गेलो. गंगेपलीकडच्या त्याच कॉलेजात. पुढे चांगल्या कंपनीत नोकरी, कलकत्त्यातच घर. ताईने नागपुरात दोन मुलं वाढवली, नवऱ्याचं आजारपण काढलं. त्यांच्याकडे पुढे गाडी आली, पण ती कायम मागच्या सीटवर बसायची, खिडकीकडे तोंड करून. मी दर भाऊबीजेला जमेल तसा जात असे. ओवाळताना तिचा हात स्थिर असायचा. ताटात ओवाळणी पडली की हळूच म्हणायची, "बादली ठीक आहे ना?" लोकांना वाटे, भावा-बहिणीची जुनी थट्टा.

अप्पा गेले तेव्हा माफी मागायला मी तिला एकटीला गाठलं होतं. ती म्हणाली, "आज नको, आजचा दिवस अप्पांचा आहे." नंतर फोनवर एकदा सुरुवात केली, तर तिने कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून ठेवून दिला. मला कुकरची शिट्टी ऐकू आली नव्हती.

मग दोन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे आठवडाभर राहायला आली. काठी घेऊन चालत होती. मिठू खाली इंजिन साफ करत होती आणि मी बादली भरून नेली होती, पिळून पुसायला पाणी हवं म्हणून. ताई बॉनेटपाशी खुर्चीवर बसलेली. "हात ठेवून बघितलास का, गार झालंय?" ती मिठूला विचारत होती. "आधी झाक. ते कशाचं तोंड आहे? मग तेही झाक. वरून ओतायचं नाही काही." मिठू म्हणाली, "आत्याआजी, तुला हे सगळं कसं माहीत आहे? तू तर इंजिनीअर नाही आहे." ताई म्हणाली, "नाही गं, तो तुझा आजोबा." मिठू फडकं आणायला लिफ्टकडे गेली. मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं. किती वर्षं पाठ होतं ते सांगायची लाज वाटते.

"ताई, त्या दसऱ्याला मी—"

"विजू." तिने काठी जमिनीवर टेकवली. "तू काय बोलणार ते मला तुझ्याआधी पाठ आहे. बोललास की तुला आज रात्री झोप लागेल. मला नाही लागू द्यायची."

मिठू परत आली. आमची तोंडं बघून तिने विचारलं, "तुम्ही दोघं भांडण करता आहे का?"

"नाही," ताई म्हणाली. "ह्याला पाण्यापासून लांब ठेवतेय."

गेल्या थंडीत ती नागपुरात वारली. मला कळवलं तेव्हा सगळं उरकलं होतं. माझं वाक्य असं होतं: ताई, मेणकापड मी काढलं, हसले म्हणून काढलं, अप्पांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो, आणि मग तुझ्या जागेवर जाऊन बसलो, मला माफ कर. त्या दिवशी तळघरात ते सगळं माझ्या तोंडात होतं. ती वाट बघत होती, मी ऐकतो की बोलतो ह्याची. मी दोन्ही हातांनी बादली उचलली आणि विचारलं, "कुठे ठेवू ही?"